उंचीची फळी आणि हरवलेले दोन सेंटिमीटर

मित्रांनो, तुमच्या आयुष्यातले पहिले मोठे भांडण बहुधा माझ्यासारख्याच कुणाशी तरी झाले असेल. तुम्हाला ते आठवणार नाही, कारण तेव्हा तुम्ही जेमतेम हातभर होता. आईने तुम्हाला उताणे झोपवले, कुणीतरी डोके धरले, कुणीतरी गुडघे सरळ दाबले, आणि तुम्ही असे भोकाड पसरले की शेजारच्या खोलीतल्या माणसाने उठून दार लावून घेतले. त्या वेळी तुमच्या पाठीखाली जे गार, कडक आणि गुळगुळीत होते, ती मी. तान्ह्या मुलांची लांबी मोजणारी मी एक जुनी लाकडी फळी आहे.

माझी ठेवण अगदी साधी. एका टोकाला एक उभी पट्टी ठोकलेली असते, तिला बाळाचे डोके टेकवायचे. दुसरी पट्टी मागेपुढे सरकते, ती बाळाच्या तळपायांना लावायची. कडेने एकपासून शंभरपर्यंत सेंटिमीटरचे आकडे. ज्यांना उभे राहता येत नाही, किंवा येत असले तरी एका जागी राहता येत नाही, अशी मंडळी माझ्या वाट्याला येतात. मोठ्या मुलांसाठी भिंतीवर उभी पट्टी आहे. ती स्वतःला फार शहाणी समजते, पण तिच्यावर आजवर कुणी शू केलेली नाही, त्यामुळे तिला आयुष्य काय कळणार.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर आणखी चाळीस फळ्या होत्या. तिथला तपासनीस प्रत्येक फळीवर पोलादी मीटर ठेवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी फळी बाजूला काढायचा. माझ्यावर मीटर ठेवला तेव्हा तो नुसती मान हलवून पुढे गेला. त्या मान हलवण्याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान होता. खरे काय ते सांगायचे, एवढेच माझे काम, आणि ते मला नीट येते असे मी समजत होते.

मला एका माता-बाल केंद्रात पाठवले गेले. खोली लहान, पण चांगल्या उजेडाची. खिडकीला जाळी, भिंतीला कमरेएवढा हिरवा रंग, कोपऱ्यात हात धुवायची मोरी आणि तिथे कायम ओला असलेला साबण. मला खिडकीखालच्या टेबलावर जागा मिळाली. शेजारी वजनकाटा होता. सगळे कौतुक त्याचे. आई आली की पहिला प्रश्न ठरलेला, "वजन किती भरलं?" लांबी किती झाली, हे कुणी विचारायचेच नाही. माझ्यावरून बाळ उचलले की आया झबले घालायच्या गडबडीत असायच्या.

केंद्राची सगळी जबाबदारी नर्सताईंवर होती. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधण्यात दिवसातला पाव वेळ घालवणाऱ्या. पण कामात चोख. बूटमोजे काढल्याशिवाय त्या कुणाला माझ्यावर ठेवू देत नसत. एका आईने बाळाच्या डोक्यावर चांगली उंच शेंडी बांधून आणली, तर ताईंनी ती स्वतः सोडली आणि म्हणाल्या, "केस नाही मोजायचे आपल्याला, पोर मोजायचं आहे." मग मोजलेल्या लांबीचा ठिपका वाढीच्या कार्डावर पडायचा. कार्डावर एक लाल रेघ होती. ठिपका तिच्या खाली गेला, तर त्या वयाच्या मानाने मूल खुरटते आहे, असे समजायचे.

नर्सताई प्रत्येक नव्या आईला एक गोष्ट न कंटाळता सांगायच्या. वजन तापाने उतरते आणि चार घास पोटात गेले की चढते. लांबीचे तसे नाही. ती उतरत नाही, फक्त वाढायची थांबते, आणि थांबताना आवाज करत नाही. गोबरे गाल असलेले, हसरे मूलसुद्धा आतून खुरटत असू शकते. "आणि पहिल्या दोन वर्षांत जे राहून जातं ना, ते पुढं भरून काढणं फार अवघड असतं," असे म्हणून त्या माझ्यावर दोन थापा मारायच्या. त्या थापांनी माझी मान ताठ व्हायची.

अशाच एका सकाळी गळ्यात कापडी टेप लटकवलेली एक बाई आत आली. घरी बसून कपडे शिवायची, म्हणून सगळे तिला शिवणवाली म्हणत. टेप तिच्या गळ्यात इतका मुरला होता की ती आरशात बघतानाही तो काढत नसावी. कडेवर सहा महिन्यांची धाकटी मुलगी होती. बारीक चणीची, चमकत्या डोळ्यांची, आणि माझ्यावर ठेवताच तिने सरकत्या पट्टीला अशी लाथ मारली की पट्टी शेवटपर्यंत गेली. घरात तिला लवंगी म्हणत. लांबी भरली साडेत्रेसष्ट. ठिपका लाल रेघेच्या वर पडला, आणि शिवणवाली समाधानाने घरी गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझे टोक चिरले. खिडकीतून पाणी झिरपायचे, ते मी बरेच दिवस पीत होते. डोक्याकडची पट्टी डुगडुगायला लागली. नवी फळी मागवायची तर वर्ष गेले असते. शिवणवाली लसीसाठी आली होती, तिने ते पाहिले आणि म्हणाली, "द्या इकडे. सुतार घरातच आहे माझ्या." तिचा नवरा सुतार होता. तिने मला बगलेत मारले आणि मी पहिल्यांदा केंद्राबाहेरचे जग पाहिले.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. एका बाजूला सुताराचे बाक, दुसऱ्या बाजूला खिडकीजवळ शिलाई मशीन, आणि मधल्या जागेत लवंगी, तिची सहा वर्षांची थोरली बहीण आणि त्यांची आजी. आजी चांगली उंच होती. दारातून आत येताना तिला वाकावे लागायचे. घरभर भुसा आणि कापडाच्या चिंध्या, आणि त्यांतून रांगत फिरणारी लवंगी.

सुतार बोलायला कमी होता. कानावर पेन्सिल, ओठांत खिळे, मग बोलणार कसा. पण त्याला एक सवय होती. जे काही सांगायचे ते तो फळीच्या पाठीवर लिहायचा. 'वरची', 'डावी', 'आतली बाजू', 'इथे गाठ आहे'. सगळे सुतार असेच करतात म्हणे. पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची बाजू सुताराची. आणखी एक गंमत होती. त्याच्या पोलादी टेपचे टोक झिजले होते, म्हणून तो टोकापासून मोजायचाच नाही. दहाच्या आकड्यापासून मोजायचा आणि मनातल्या मनात दहा वजा करायचा. पंधरा वर्षे तो असेच मोजत होता आणि एकही दार त्याच्या हातून वाकडे गेले नव्हते.

त्याने माझे टोक नखाने खरवडून पाहिले. लाकूड कुजले होते. मग त्याने नवी, जाडजूड पट्टी घेतली आणि चांगले लाकूड लागेपर्यंत ती आत सरकवून चार स्क्रू पिळून बसवली. इतकी मजबूत की हत्तीने डोके टेकवले असते तरी हलली नसती. पण मित्रांनो, त्या पट्टीखाली माझा एक आणि दोन हे आकडे झाकले गेले. आता बाळाचे डोके शून्यापाशी टेकत नव्हते, दोनपाशी टेकत होते. प्रत्येक मूल दोन सेंटिमीटर जास्त भरणार होते. सुताराच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. त्याने मला उलटे केले आणि पाठीवर पेन्सिलीने ठसठशीत लिहिले, 'वाचताना दोन वजा करणे.' त्याच्या हिशेबी काम झाले.

मी त्या घरात दोन दिवस होते. मशीन चालू असायचे. लवंगी रडली की आजी बिस्किट घ्यायची, गोड चहात बुडवायची आणि तिला भरवायची. दोन बिस्किटे गेली की लवंगी गप्प. आजी मशीनकडे बघून म्हणायची, "कर गं तू तुझं काम, पोट भरलंय हिचं." दुपारी मोठ्या ताटात सगळ्यांचे जेवण वाढले जायचे आणि लवंगीला त्यातले डाळीचे वरवरचे पाणी मिळायचे, पचायला हलके म्हणून. सगळे प्रेमानेच चालले होते. मी पाहत होते, पण तेव्हा माझे सगळे लक्ष माझ्या नव्या पॉलिशकडे होते.

सुतार मला केंद्रात पोचवायला आला तेव्हा नर्सताई बाहेर लसीकरणाला गेल्या होत्या. त्याने मला दारावरच्या रखवालदाराकडे दिले. "मागं लिहिलंय, ताईंना सांगा," असे म्हणून तो गेला. रखवालदाराने संध्याकाळी ताईंना सांगितले, की फळी आली. बाकीचे त्याच्या डोक्यातून निघून गेले होते.

आणि मग आमच्या केंद्रातली मुले वाढायला लागली.

पहिल्याच महिन्यात नर्सताई खुशीत होत्या. ज्यांचे ठिपके लाल रेघेला चिकटलेले असायचे, ते वर उड्या मारत होते. "या वेळी चांगली उसळी घेतलीय बरं का पोरांनी," त्या प्रत्येकीला सांगायच्या. आया खूश, ताई खूश. मग वरच्या कचेरीतून मोठ्या डॉक्टरीणबाई पाहणीला आल्या. त्यांनी कार्डे चाळली, ताईंची पाठ थोपटली आणि पुढे कौतुकाचे पत्र पाठवले. ते चौकटीत घालून वजनकाट्याच्या वरती लावले गेले. फोटो काढताना ताईंनी मला हातात धरले होते.

आता लपवून काय उपयोग. मला ते आवडले. मी खोटे बोलत होते, हे मला माहीत होते, कारण खरे काय ते माझ्याच पाठीवर लिहिलेले होते. पण इतक्या वर्षांत वजनकाट्याला बाजूला सारून माझा फोटो निघत होता. मला तोंड नाही, हे खरेच आहे. तरी असते तर त्या दिवशी मी ते उघडले असते का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

शंका आली ती एकट्या शिवणवालीला, आणि तीही एका फ्रॉकमुळे. थोरलीच्या पहिल्या वाढदिवसाला तिने एक फ्रॉक शिवला होता. खाली चार बोटांची दुमड ठेवलेली, पोर वाढेल तशी उसवून सोडायला. थोरलीच्या वेळी दोन महिन्यांतच ती दुमड उसवावी लागली होती. नंतर तिने ती पुन्हा घातली आणि फ्रॉक जपून ठेवला. आता लवंगी चौदा महिन्यांची झाली होती, तोच फ्रॉक घालत होती, आणि दुमड होती तशीच होती. वर तो फ्रॉक तिच्या पायांत येत होता.

"ताई, ही वाढत नाहीये," ती म्हणाली.

नर्सताईंनी तिला माझ्यावर ठेवले, आकडा वाचला आणि कार्ड पुढे केले. "साडेएकाहत्तर. रेघेच्या वर आहे. कशाला जिवाला घोर लावून घेता?"

आजी बरोबर आली होती. ती म्हणाली, "आमच्याकडं सगळी पोरं आधी बारकीच असतात. मग एकदम वाढतात." आणि बाहेर पडताना सवयीप्रमाणे चौकटीखाली वाकली.

शिवणवाली गेली, पण तिचे मन काही मानेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा हजर. कडेवर लवंगी, गळ्यात टेप. "मी घरी मोजलं," ती म्हणाली. "बाकावर झोपवून, डोक्याला आणि पायाला लाकडाचा ठोकळा लावून. तीनदा मोजलं. साडेएकोणसत्तरच भरते."

नर्सताईंनी चष्मा शोधला. "अहो, कापडी टेप तो. वापरून वापरून ताणला जातो. ताणलेला टेप कमीच दाखवणार."

"गेल्या आठवड्यात नवा घेतलाय."

"मग तुमच्या मोजण्यात काहीतरी चुकलं असेल."

"ताई, अर्धं गाव माझ्या मापाचे कपडे घालतं," शिवणवाली म्हणाली. "कुणाची बाही दोन सेंटिमीटर चुकली तर लोक मला दारात उभं करणार नाहीत."

मग तिने टेप माझ्या अंगावर पसरला. तीसपासून साठपर्यंत टेपचे तीस आणि माझे तीस, रेघेला रेघ जुळली. टेप खोटा नव्हता आणि माझे आकडेही खोटे नव्हते. नर्सताई बुचकळ्यात पडल्या. शिवणवालीने मात्र टेप उचलला आणि त्याच्या टोकाचा पत्रा अंगठ्याने चाचपून पाहिला. "आम्हाला शिकवतानाच सांगतात, टेप हातात घेतला की आधी टोक बघायचं. टोकाचा पत्रा पडला की टेप सुरुवातीलाच खोटं बोलतो आणि मग शेवटपर्यंत खोटंच बोलतो." असे म्हणत तिचे बोट माझ्या कडेवरून मागे मागे जाऊ लागले. दहा, नऊ, आठ. पाच. तीन. आणि बोट पट्टीला अडले.

"ताई," ती म्हणाली, "हिचा एक कुठं आहे?"

नर्सताई वाकल्या, जवळून बघितले, बोट लावून बघितले. मग दोघींनी मिळून मला उचलले आणि उलटे केले. आठ महिन्यांत कुणी पहिल्यांदाच माझी पाठ पाहत होते. 'वाचताना दोन वजा करणे.'

शिवणवालीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "हे अक्षर माझ्या घरातलं आहे," ती म्हणाली.

नर्सताईंनी जुना ठिपका खोडला आणि नवा ठिपका दिला. तो लाल रेघेच्या खाली पडला. शिवणवाली तिथल्या बाकावर बसली आणि कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. आपली शंका खरी ठरली याचा तिला आनंद व्हायला हवा होता का? तिला रडू आले. दोन वर्षे पुरी व्हायला दहा महिने उरले होते. तिच्या मांडीवर उभी राहून लवंगी त्याच कार्डाचा कोपरा खात होती.

नर्सताईंनी सगळी कार्डे काढली. सदतीस होती. प्रत्येक आकड्यातून दोन वजा करताना नऊ मुलांचे ठिपके रेघेखाली गेले. शेवटचे कार्ड झाल्यावर त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि कौतुकाच्या पत्राची चौकट स्वतः खाली उतरवली. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंना पत्र लिहायला बसल्या, की चूक माझी आहे, दुरुस्त होऊन आलेली फळी मी तपासल्याशिवाय वापरली. त्या पत्राने त्यांना काय वाटले असेल ते मला माहीत आहे, कारण लिहिताना वही माझ्यावर ठेवली होती आणि त्यांचा हात जड पडत होता.

सुताराला बोलावणे गेले. कानावरच्या पेन्सिलीसकट तो तसाच आला. केंद्राच्या आत तो पहिल्यांदाच येत होता. मोजणीच्या दिवशी बाप मंडळी कधी फिरकतच नसत.

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला.

"पाठीवर," शिवणवाली म्हणाली.

"आमच्यात पाठीवरच लिहितात."

"आणि आमच्यात पाठ कुणी बघत नाही," नर्सताई म्हणाल्या.

सुताराने हळूच विचारले, "आपल्या लवंगीचं किती?" बायकोने कार्ड पुढे केले. रेघ काय, ठिपका काय, तिने बोट ठेवून सांगितले. त्याने कानावरची पेन्सिल काढली, हातात फिरवली आणि खिशात ठेवून दिली. घरात वाढणाऱ्या पोरीपेक्षा दारे-खिडक्या आपण जास्त लक्ष देऊन मोजल्या, असे तो पुटपुटला.

मला पुन्हा त्यांच्या घरी नेले. या वेळी नर्सताई पोलादी मीटर घेऊन स्वतः बरोबर आल्या, कारण सुताराच्या नुसत्या शब्दावर त्यांचा आता भरवसा नव्हता. त्याने कुजलेले टोक कापले, नवे लाकूड जोडले आणि पट्टी शून्यावर आणून बसवली. ते काम चालले असताना आजीने ताईंना चहा दिला, आणि त्याच कपात बिस्किट बुडवून लवंगीलाही भरवले.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सहज विचारले, "लवंगी दिवसभरात काय काय खाते?"

"आमच्याबरोबर सगळं खाते," आजी म्हणाली.

"किती?"

आजीने सुनेकडे पाहिले, सुनेने सासूकडे. मग शिवणवालीने मशीनवरचा पाय काढला. "मी वीतभर कापड मोजल्याशिवाय कापत नाही," ती म्हणाली, "आणि ही किती खाते ते मी कधी मोजलंच नाही."

मित्रांनो, मी आयुष्यभर मोजण्याचे काम केले, पण इतके मोलाचे बोलणे क्वचितच ऐकले. त्या दिवसापासून लवंगीला तिची स्वतःची वाटी मिळाली. वाटीत काय गेले आणि काय उरले, ते डोळ्यांना दिसायला लागले. ताईंनी सांगितलेले अवघड काहीच नव्हते. डाळीचे पाणी नको, तळाची घट्ट डाळ द्या. पालेभाजी कुस्करून त्यात चमचाभर तेल घाला. अंडे द्या, फळ द्या. आईचे दूध चालूच ठेवा. चहा-बिस्किटाने भूक मरते, पोर गप्प होते पण वाढत नाही, म्हणून ते बंद. मध्यंतरी लवंगीला तीनदा जुलाब झाले होते. त्यासाठी भरवण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, आणि आजारातून उठली की काही दिवस एक वाढीव जेवण.

आजीला चहाचे बोलणे लागले. ती तोंड फिरवून बसली. पण ताई जाताना तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई मशीनवर असते. तुमच्याशिवाय हे होणारच नाही." झाले. दुसऱ्या दिवसापासून वाटीची सूत्रे आजीच्या हातात. कुणी हात न धुता लवंगीजवळ गेले की आजी असे बघायची की सुतारसुद्धा भुशाचे हात घेऊन मोरीकडे पळायचा. त्याने लवंगीसाठी एक बुटका पाट केला, पाठ टेकायला फळी असलेला. आणि जेवणाच्या वेळी शिवणवाली मशीन बंद ठेवायची. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी.

पहिल्या दोन महिन्यांत फारसे काही घडले नाही. पाऊण सेंटिमीटर, मग एक. शिवणवालीचा धीर सुटत चालला होता. "एवढं करून काय उपयोग," ती एकदा म्हणाली, तेव्हा आजीनेच तिला दटावले. मग तिसऱ्या महिन्यापासून आकडा सरकायला लागला.

केंद्रातही एक नवी रीत पडली. मोजणीच्या दिवशी कामाला सुरुवात करण्याआधी मला उलटे करून सगळ्या आयांना पाठ दाखवायची. मग सरळ करायचे आणि एका आईने माझा पहिला आकडा मोठ्याने वाचायचा. "एक," ती म्हणते, आणि मगच पहिले बाळ माझ्यावर येते. शिवणवालीने प्रत्येकीला कार्ड वाचायला शिकवले. आता आया मला विचारतात, "लांबी किती झाली?" वजनकाटा हल्ली जरा फुगून बसलेला असतो.

लवंगीची दोन वर्षे पुरी झाली त्या आठवड्यात सगळे घरच केंद्रात आले. सुताराने तिचे डोके धरले. आजीने गुडघे धरले. नर्सताईंनी सरकती पट्टी आणली आणि आकडा स्वतः न वाचता शिवणवालीला खूण केली. ती वाकली, पुन्हा वाकली, तिसऱ्यांदा वाकली.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली.

ठिपका लाल रेघेच्या वर पडला. थोडासाच, पण वर. आजीने पदराने नाक पुसले. शिवणवालीने पिशवीतून तो फ्रॉक काढला, बाकावर बसली आणि कात्रीच्या टोकाने दुमडीचा एकेक टाका उसवू लागली. चार बोटांचे दडलेले कापड खाली उतरले. लवंगीला तिथेच तो घातला, आणि तो बरोबर बसला.

त्या नऊ मुलांपैकी सहा जण पुढे रेघेच्या वर आले. तिघांचे ठिपके शेवटपर्यंत रेघेजवळच घुटमळले, तरी त्यांच्या आया दर महिन्याला येत राहिल्या. चूक थोडी उशिरा सापडली, हे मी विसरू शकत नाही. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखे काही हातात घ्याल तेव्हा आधी त्याचा एक शोधा, आणि एकदा उलटून त्याची पाठ बघा. घरात तान्हे मूल असेल तर त्याची वाटी वेगळी ठेवा आणि ती घट्ट भरा. आणि एखादी आई म्हणाली की माझे लेकरू वाढत नाहीये, तर माझ्यावरचा आकडा तिच्या तोंडावर फेकण्याआधी तिचे ऐकून घ्या.

मी आता म्हातारी झाले आहे. माझे आकडे पुसट झालेत, पुढच्या वर्षी नवी फळी येणार आहे म्हणे. परवा लवंगी आली होती. ती आता शाळेत जाते. माझ्यावर आडवी झाली तर तिचे पाय बाहेर लोंबले. मग तिने मला उलटे केले आणि अक्षरे जुळवत जुळवत पाठ वाचली. तिच्या बाबांनी जुनी ओळ घासून काढली नव्हती. तिच्याखालीच त्याच अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती, 'आता काही वजा करू नये.'

"आई, हे दोन कुणाचे वजा करायचे होते?" तिने विचारले.

"तुझे," शिवणवाली म्हणाली. "आम्ही परत मागून घेतले."